मधल्या चौदा दिवसांचं काय?

युरोपात देश बदलणं म्हणजे हिंजवडीतली कंपनी सोडून खराडीतली पकडणं, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक ठिकाणी करन्सी तीच. ट्रेनमध्ये बसलात की बॉर्डर कधी मागे गेली, ते मोबाइलवर आलेल्या ‘वेलकम’च्या मेसेजवरून कळतं. पॅकेज किती, टॅक्स किती कापणार, घरभाडं काय, इंडियन स्टोअर किती लांब... एवढी चौकशी झाली की आपण बॅगा भरायला मोकळे!

एक गोष्ट मात्र त्या बॅगेत मावत नाही. तुमचा हेल्थ इन्शुरन्स. तो जुन्या देशातच राहतो, नव्या देशात नवा घ्यावा लागतो, आणि जुना संपण्याची तारीख आणि नवा सुरू होण्याची तारीख यांच्यामध्ये एक फट राहू शकते. पुण्यात काय होतं आठवा. जुन्या कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम साधारण शेवटच्या वर्किंग डेला संपतं, नव्या कंपनीचं जॉइनिंगपासून सुरू होतं. मधल्या सुट्टीत आपण गोव्याला जाऊन येतो आणि देवाच्या कृपेने काही होत नाही. युरोपातही काही होणार नाही, असं धरून चालता येतं. पण घरात कुणी प्रेग्नंट असेल तर ‘काही होणार नाही’ हे वाक्य वापरता येत नाही. कारण काहीतरी होणारच असतं. त्याची तारीखसुद्धा डॉक्टरांनी दिलेली असते!

आमचं नेमकं तेच झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात म्युनिकमधलं माझं प्रोजेक्ट गुंडाळलं गेलं. काँट्रॅक्ट ३० सप्टेंबरला संपणार होतं. नवा जॉब मिळाला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला, जॉइनिंग १५ ऑक्टोबर. आणि बायकोची ड्यू डेट होती डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे सातव्या महिन्यात देश बदलायचा, डॉक्टर बदलायचा, भाषा बदलायची. मी तिला सगळा प्लॅन समजावून सांगितला. फ्लॅट, सामान, ट्रेनची तिकिटं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘मधल्या चौदा दिवसांचं काय?’’

म्युनिकचं कार्ड

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याआधी जर्मनीचा फंडा थोडक्यात सांगतो. सरकारी चौकटीतला आरोग्य विमा जर्मनीत १८८३ पासून आहे, बिस्मार्कच्या काळापासून. पगारातून ठरावीक टक्के कापले जातात. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक विमा फंडाचा थोडा जादा दर, आणि हे सगळं तुम्ही आणि कंपनी निम्मं-निम्मं भरता. या फंडांना तिथे ‘क्रांकनकासे’ म्हणतात. पगार जास्त तर कापणी जास्त (अर्थात त्याला एक वरची मर्यादा आहे). मिळणारी ट्रीटमेंट मात्र सगळ्यांना सारखी.

पगार एका रेषेच्या वर गेला की प्रायव्हेट विमा घ्यायची मुभा मिळते. २०२४ मध्ये ही रेषा वर्षाला ६९,३०० युरोंवर होती, २०२६ मध्ये ती ७७,४०० वर आहे. तरुण, धडधाकट माणसाला प्रायव्हेट स्वस्त पडतो, डॉक्टरची अपॉइंटमेंटही पटकन मिळते. ऑफिसमधल्या दोघा-तिघांनी तो घेतला होता. मी सरकारी चौकटीतच राहिलो, त्याचं कारण घरात होतं. सरकारी फंडात नोकरी नसलेला जोडीदार आणि मुलं एकही पैसा जादा न देता कव्हर होतात. प्रायव्हेटमध्ये प्रत्येक डोक्यामागे वेगळा प्रीमियम. बायकोची पीएचडी अर्धवट सोडून आम्ही म्युनिकला आलो होतो, तिच्या नावावर पगार नव्हता. तेव्हा माझ्याच विम्यावर तिचं हिरवं-पांढरं कार्ड आलं. ते दाखवलं की गायनॅकॉलॉजिस्ट, सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, सगळं व्हायचं. बिल कधी डोळ्यांनी दिसलंच नाही.

आणि म्हणूनच त्या कार्डाची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तिचं कार्ड माझ्या मेंबरशिपवर उभं होतं आणि माझी मेंबरशिप माझ्या नोकरीवर. नोकरी गेली की पत्त्यांचा बंगला!

एका वेळी एकच देश

युरोपियन युनियनमध्ये सगळ्या देशांचा मिळून एक हेल्थ इन्शुरन्स आहे, हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. तसं काही नाही. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी, दर वेगळे, डॉक्टरकडे जायचे नियम वेगळे. युनियनने केलं आहे ते एवढंच, की या वेगवेगळ्या पद्धतींना एकमेकींशी बोलायला लावलं आहे. त्यासाठीचा मुख्य कायदा म्हणजे ‘८८३/२००४’ नंबरचं रेग्युलेशन. ते १ मे २०१० पासून लागू झालं. युरोपियन नागरिक नसलेल्या, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या मंडळींना १ जानेवारी २०११ पासून वेगळ्या रेग्युलेशनने त्यात घेतलं गेलं. अट अशी की तुम्ही तिथे कायदेशीर राहत असलं पाहिजे आणि तुमचा मामला एकापेक्षा जास्त सदस्य देशांशी जोडलेला पाहिजे. डेन्मार्क मात्र या दुसऱ्या कायद्यात नाही. तिकडे निघाला असाल तर हे आधीच टिपून ठेवा.

या सगळ्याचं सार एका ओळीत येतं. एका वेळी एकाच देशाचा कायदा तुम्हाला लागू होतो, आणि तो साधारणपणे तुम्ही जिथे काम करता त्या देशाचा. पासपोर्ट कुठला, कंपनीचं हेडऑफिस कुठे, बँकेचं खातं कुठे, हे प्रश्न नंतरचे. लॅपटॉप उघडून तुम्ही कुठे बसता, हा पहिला प्रश्न.

याला अपवाद आहेत. कंपनीने तुम्हाला जर्मनीतून नेदरलँड्सला तात्पुरतं पाठवलं, तर ‘ए-१’ नावाचं सर्टिफिकेट घेऊन जास्तीत जास्त २४ महिने जुन्याच देशाच्या विम्यात राहता येतं. राहता एका देशात आणि रोज कामाला जाता दुसऱ्या देशात, तर ‘एस-१’ फॉर्म असतो. जर्मनीतल्या आखेनमध्ये नोकरी आणि बॉर्डरपलीकडच्या डच फाल्स गावात घर, अशी बरीच मंडळी आहेत. त्यांचा विमा नोकरीच्या देशात, पण एस-१ मुळे डॉक्टर दोन्हीकडे.

आणि वर्क फ्रॉम होमवाल्यांनो, कान इकडे करा. राहत्या देशात घरी बसून २५ टक्के किंवा त्याहून जास्त काम केलंत, तर मूळ नियमाने तुमचा विमा तुमच्या घराच्या देशात सरकतो. जुलै २०२३ पासून काही देशांनी आपसात करार करून ही मर्यादा ५० टक्क्यांच्या आतपर्यंत नेली आहे. जर्मनी आणि नेदरलँड्स दोघंही त्यात आहेत. पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. बॉस ‘चालेल रे’ म्हणाला, एवढ्यावर भागत नाही.

आमच्या बाबतीत यातलं काहीच लागू नव्हतं. ३० सप्टेंबरपर्यंत जर्मनी, १५ ऑक्टोबरपासून नेदरलँड्स. कागदावर अगदी स्वच्छ. फक्त मधले चौदा दिवस कुणाचेच नव्हते.

काउंटरवरच्या बाई

ऑगस्टमध्येच आम्ही दोघं क्रांकनकासेच्या ऑफिसात गेलो. फोनवर माझं जर्मन अडखळतं आणि या विषयात अडखळायची माझी तयारी नव्हती. काउंटरवरच्या बाई साधारण माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी आधी बायकोकडे, मग तिच्या पोटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी तारखा सांगितल्या. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ काढली, तिच्यावर दोन फुल्या मारल्या आणि मधल्या जागेवर पेनने टकटक केलं.

जर्मन कायद्यात याची सोय आहे. नोकरीमुळे आलेली मेंबरशिप संपली तरी पुढे जास्तीत जास्त एक महिना ट्रीटमेंटचा हक्क राहतो. अट एकच, त्या काळात तुम्ही दुसरं काम सुरू केलेलं नसावं. ‘‘आणि माझ्या बायकोचं काय?’’ मी विचारलं. ‘‘त्यांचंही तसंच,’’ बाई म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘हे लेखी मिळेल?’’ बाई पहिल्यांदाच हसल्या. भारतीय माणसाने लेखी मागितलं याचं हसू होतं, की जर्मन माणसासारखं मागितलं याचं, ते कळलं नाही. पण आठवड्याने पत्र आलं.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. देश सोडताना महापालिकेत जाऊन पत्ता काढून टाकायचा, त्याचं सर्टिफिकेट जपून ठेवायचं आणि नव्या देशातल्या विम्याचा पुरावा फंडाला पाठवायचा. कारण जर्मनीत विम्याशिवाय राहणं कायद्याला मान्यच नाही. तुम्ही दुसरीकडे इन्शुअर्ड आहात किंवा देश सोडला आहे हे फंडाला कळलं नाही, तर तो तुम्हाला आपोआप पुढे चालू ठेवतो आणि हप्ते मागतो. खरंच, नोव्हेंबरमध्ये आमच्या नव्या पत्त्यावर तसं विचारणारं पत्र आलं. दोन कागदांच्या कॉपी पाठवल्या, विषय मिटला.

ते चौदा दिवस आम्ही म्युनिकमध्येच काढले. मित्राच्या घरी, सोफा-कम-बेडवर. पैसे वाचवायला आधी निघता आलं असतं. पण ज्या देशाच्या विम्याचं लेखी पत्र खिशात आहे, त्याच देशात थांबायचं असं आम्ही ठरवलं. बायकोची शेवटची सोनोग्राफी ९ ऑक्टोबरला झाली. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांची फाइल प्रिंट करून दिली. १४ ऑक्टोबरच्या सोमवारी म्युनिकहून ड्युसेलडॉर्फ, तिथून लोकल गाडीने बॉर्डरवरचं फेन्लो, आणि फेन्लोहून आइंडहोव्हन. फेन्लोला डबा बदलताना बायको म्हणाली, ‘‘आता आपण कुणाचे?’’ मी म्हटलं, ‘‘आजच्या दिवस जर्मनीचे, उद्यापासून यांचे.’’

डोक्यामागे प्रीमियम

नेदरलँड्सचा हिशेब पार वेगळा. तिथे २००६ मध्ये नवा कायदा आला. विमा कंपन्या सगळ्या खासगी, पण बेसिक पॅकेजमध्ये काय हवं ते सरकार ठरवतं. त्या पॅकेजसाठी कंपनी कुणालाही नाकारू शकत नाही. वय, आजार, सातवा महिना, काहीही असो. पगारातून कापणीची भानगड कंपनी परस्पर सरकारशी मिटवते. तुम्ही दर महिन्याला स्वतःचा प्रीमियम स्वतः भरायचा. माणशी एक पॉलिसी. म्युनिकमध्ये माझ्या पगारात बायकोचं भागत होतं. आइंडहोव्हनला दोघांचे दोन हप्ते, प्रत्येकी महिना दीडशे युरोंच्या आसपास. अठरा वर्षांखालच्या मुलांना मात्र शून्य.

वर ‘आयखन रिसिको’ नावाचं प्रकरण. म्हणजे वर्षातला पहिला काही खर्च तुमच्या खिशातून. २०१६ पासून ही रक्कम ३८५ युरो आहे. फॅमिली डॉक्टरची फी यात धरत नाहीत. बाळंतपणातली सुईण किंवा डॉक्टर यांची सेवा आणि नंतरची घरची शुश्रूषा हीसुद्धा यातून वगळलेली. रक्ताच्या चाचण्या, औषधं, अ‍ॅम्ब्युलन्स मात्र यात येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. देशात आल्यावर, म्हणजे तुम्हाला विमा बंधनकारक झाल्यापासून, चार महिन्यांच्या आत पॉलिसी घ्यायची. तेवढ्यात घेतली तर ती मागच्या तारखेपासून लागू होते, अगदी पहिल्या दिवसापासून. अर्थात प्रीमियमही पहिल्या दिवसापासून भरावा लागतो. चार महिने उलटून गेले तर मागचं कव्हर नाही. मधल्या काळात आलेलं बिल तुमचं, वर दंडाची शक्यता.

काही जण याचा ‘सही’ अर्थ काढतात : चार महिने आहेत ना, बघू निवांत! ऑफिसमधला एक मित्र तेच म्हणत होता. पण कायद्याने कव्हर असणं आणि हातात पॉलिसी नंबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या विमा कंपनीला पॉलिसी पक्की करायला बीएसएन हवा होता. हा तिथला नागरिक नंबर, आपल्या आधारसारखा. तो मिळतो महापालिकेत पत्ता नोंदवल्यावर. आणि महापालिकेची अपॉइंटमेंट मिळाली ५ नोव्हेंबरची. मी जॉइन झालो त्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, दोघांचे अर्ज ऑनलाइन भरून टाकले आणि ‘अर्ज मिळाला’ या ई-मेलची प्रिंट काढून ठेवली.

शनिवारची रात्र

दिवाळीच्या आधीचा शनिवार, २६ ऑक्टोबर. घरात दोन खुर्च्या, एक गादी आणि न उघडलेली अकरा खोकी. रात्री साडेदहाला बायको म्हणाली, ‘‘संध्याकाळपासून बाळ हललंच नाहीये रे.’’

नेदरलँड्समध्ये साध्या प्रेग्नन्सीत गायनॅकॉलॉजिस्ट सहसा भेटत नाही. सगळं सुईणीकडे असतं. ट्रेण्ड, लायसन्स असलेली, स्वतःची प्रॅक्टिस असलेली सुईण. आमची नोंदणी आठवड्यापूर्वीच झाली होती. त्यांच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. समोरच्या मुलीने चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, ‘‘वाट बघू नका, हॉस्पिटलला जा. मी त्यांना कळवते.’’

टॅक्सीत बायको एकदम म्हणाली, ‘‘अरे, आपण इथे आहोत की नाही?’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे?’’ ‘‘कागदावर विचारतेय मी.’’

खरं सांगतो, त्या वेळी मला कायदा पाठ होता. चार महिन्यांची मुदत, मागच्या तारखेपासून कव्हर, सगळं. तरीही छाती धडधडत होती. कारण आपण ज्या शहरांत वाढलो तिथे रात्री हॉस्पिटलात शिरलं की पहिला प्रश्न डिपॉझिटचा असतो. माझ्या खिशात क्रेडिट कार्ड होतं आणि त्याची लिमिट मी टॅक्सीतच चेक केली होती.

रिसेप्शनवरच्या माणसाने विमा कंपनीचं नाव आणि नंबर विचारला. मी नाव सांगितलं, नंबर अजून आलेला नाही म्हटलं आणि फाइल पुढे केली. नोकरीचं काँट्रॅक्ट, रेसिडेन्स परमिटचं पत्र, अर्जाची प्रिंट, म्युनिकची मेडिकल फाइल. त्याने दोन कागद पाहिले, आमचा पत्ता टाइप केला आणि म्हणाला, ‘‘बिल पोस्टाने येईल. आधी बाळाला बघू या.’’

वरच्या मजल्यावर बायकोच्या पोटाला पट्टे बांधले. मिनिटभर नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले. घोडा दौडत जावा तसे, दुडक्या चालीत. चाळीस मिनिटं मशिनवर ठेवून, रक्त तपासून त्यांनी सांगितलं, सगळं ठीक आहे. बाळ बहुधा झोपलं होतं. आम्ही मात्र पुढचे दोन दिवस झोपलो नाही.

बिल नोव्हेंबरच्या मध्यावर आलं. तोवर बीएसएन मिळाला होता, पॉलिसी आली होती आणि तिच्यावर सुरू होण्याची तारीख होती १५ ऑक्टोबर २०२४. मी बिल विमा कंपनीला पाठवलं, त्यांनी भरलं. रक्ताच्या चाचण्यांचे थोडे युरो आयखन रिसिकोत आमच्या वाट्याला आले. तेवढंच. पण हेच बिल विमा न घेता पाचव्या महिन्यात आलं असतं तर? किंवा ती रात्र साध्या तपासणीवर न संपता बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं असतं तर? हे हिशेब मी रात्री उशिरा करून पाहिले आणि लॅपटॉप बंद केला.

आई, शेगडी आणि क्रामझोर्ख

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई आली. शेंगेन व्हिसावर, जास्तीत जास्त नव्वद दिवस. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं मेडिकल कव्हर असलेली ट्रॅव्हल पॉलिसी लागते. ती कोणीही पाच मिनिटांत ऑनलाइन काढून देतं. पण आईला दहा वर्षांची शुगर आहे आणि स्वस्त पॉलिसीत ‘आधीपासूनचे आजार वगळून’ ही ओळ बारीक अक्षरात असते. आम्ही दीडपट पैसे देऊन अशी पॉलिसी घेतली जिच्यात जुन्या आजारामुळे आलेली इमर्जन्सीही धरली होती. आई म्हणाली, ‘‘एवढ्या पैशांत माझी दोन वर्षांची औषधं आली असती.’’ औषधं तिने आणलीच होती, तीन महिन्यांची, प्रिस्क्रिप्शनसकट. शिवाय डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि वेखंड.

मुलगी १८ डिसेंबरला झाली. आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्या क्रामझोर्खच्या ताई.

हा डच विम्यातला सगळ्यात भारी प्रकार! बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस एक ट्रेण्ड नर्स रोज काही तास तुमच्या घरी येते. आईचे टाके बघते, बाळाचं वजन करते, अंगावर पाजायला शिकवते, बापाला नॅपी बदलायला लावते आणि वेळ उरला तर बाथरूमही स्वच्छ करते. बेसिक पॅकेजमध्येच. फक्त तासाला पाच युरोंच्या आसपास आपले जातात. नोंदणी खरं तर प्रेग्नन्सीच्या सुरुवातीलाच करायची असते. आम्ही सातव्या महिन्यात देशात आलेले, त्यामुळे चार ठिकाणी फोन केल्यावर जागा मिळाली.

आईला आधी हे पटलं नाही. ‘‘मी कशाला आलेय मग?’’ पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडे संशयाने बघत होत्या. आई बाळाला तेल लावून, मांडीवर घेऊन अंघोळ घालायच्या तयारीत. ताई छोटा टब आणि थर्मामीटर घेऊन. आईला इंग्रजी येत नाही, ताईंना मराठीचा प्रश्नच नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आलो तर आई ताईंना अळिवाचा लाडू खायला घालत होती. ताईंनी आईला डच रिवाजाची टोस्टवरची गुलाबी बडीशेप दिली होती. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळी. आई मला म्हणाली, ‘‘अरे, यांच्यातही बाळंतिणीला बडीशेप देतात!’’ त्यानंतर भांडण संपलं. टब ताईंचा, तेल आईचं.

मुलीची पॉलिसी मी त्याच आठवड्यात काढली. नवजात बाळालाही चार महिन्यांची मुदत असते, प्रीमियम शून्य, आयखन रिसिको शून्य. तिच्या नावावर आलेला पहिला कागद जन्मदाखला. दुसरा इन्शुरन्स.

कार्ड सगळीकडे चालत नाही

तुमच्यापैकी कुणी स्वित्झर्लंडला निघालं असेल तर तिथे मुदत तीन महिन्यांची. प्रीमियम सगळा तुमचा, कंपनी त्यात वाटा उचलायला बांधील नाही. वर्षातला सुरुवातीचा किती खर्च खिशातून करणार, ते तुम्हीच निवडायचं. मोठ्या माणसाला ३०० फ्रँकपासून २,५०० फ्रँकपर्यंत. फ्रान्समध्ये सरकारी कार्डावर खर्चाचा एक भाग परत मिळतो, उरलेल्यासाठी पूरक विमा असतो. २०१६ पासून खासगी कंपन्यांना तो कर्मचाऱ्यांना देऊन निम्मा तरी हप्ता भरावाच लागतो. ब्रिटन आता युनियनमध्ये नाही. तिथे व्हिसाबरोबरच हेल्थ सरचार्ज आगाऊ भरायचा, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड. चौघांचं कुटुंब आणि तीन वर्षांचा व्हिसा असेल तर हा आकडा ऑफर लेटर साइन करण्याआधी कॅल्क्युलेटरवर मारून बघा.

आणि विकेण्डवाल्यांसाठी एक. सरकारी विम्याबरोबर ‘युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड’ मिळतं. जर्मनीत ते आपल्या नेहमीच्या कार्डाच्या मागच्या बाजूलाच छापलेलं असतं. युनियनमधल्या दुसऱ्या देशात फिरायला गेलात आणि पाय मोडला तर ते दाखवून तिथल्या सरकारी दराने उपचार मिळतात. पण तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये ते साधारणपणे चालत नाही. म्युनिकहून झुरिकला स्कीइंगला जाणारे आपले किती तरी मित्र हे कार्ड खिशात ठेवून निर्धास्त असतात! दहा-पंधरा युरोंची ट्रॅव्हल पॉलिसी काढा, मग खुशाल घसरा.

निघण्याआधी...

* जुन्या विम्याची शेवटची तारीख आणि नव्याची पहिली तारीख एका कागदावर लिहा. मधल्या दिवसांचं उत्तर लेखी घ्या.
* जुन्या फंडाकडून किती काळ इन्शुअर्ड होतात त्याचं सर्टिफिकेट मागा. काही देशांत, काही सवलतींसाठी, आधीचा काळ मोजला जातो.
* पत्ता काढल्याचा दाखला आणि नव्या विम्याचा पुरावा जुन्या फंडाला पाठवा.
* नव्या देशात पहिल्याच दिवशी अर्ज करा, पोचपावतीची प्रिंट ठेवा. मुदत चार महिन्यांची असो नाही तर तीन.
* जोडीदार तुमच्या विम्यात येतो की त्याची पॉलिसी वेगळी, हे पगाराची बोलणी करतानाच विचारा.
* मेडिकल फाइल इंग्रजीत किंवा तिथल्या भाषेत जवळ ठेवा. ती क्लाउडवर नको, हातात हवी.

आपल्याकडे इन्शुरन्स म्हटलं की मार्चमधली टॅक्सची धावपळ आणि एजंट काका आठवतात. म्हणून पॅकेजच्या चर्चेत हा विषय सगळ्यात शेवटी येतो, किंवा येतच नाही. रिलोकेशनवाली कंपनी तुम्हाला घर शोधून देईल, बँकेत खातं उघडून देईल, पण या दोन तारखांच्या मधल्या जागेवर बोट ठेवून विचारणारं माणूस आपल्यालाच शोधावं लागतं. माझ्या घरात ते होतं, सातव्या महिन्यात. तुमच्या घरात नसेल तर हा प्रश्न तुम्हीच विचारा. पगार महिन्याच्या शेवटी येतो. आजारपण पहिल्या तारखेलाही येऊ शकतं.